बलामाची गाढवी, माझी गाढवी: सोलापुरातल्या पाळकसाहेबांना आणि पंचांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी, महिला मंडळ, तरुण संघ आणि सोलापुरातल्या सगळ्या ख्रिस्ती भावाबहिणींनो,

प्रभूमध्ये सलाम.

मी टेम्पो चालवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला नेऊन टाकायचे, एकवीस वर्षं झाली हेच काम. लिहायची सवय नाही, रविवारी साक्ष द्यायला उभं राहिलो तरी पाय लटपटतात, त्यामुळं वाक्यं मागंपुढं झाली तर सांभाळून घ्या. पण मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या मीटिंगमध्ये जे ठरलं ते ऐकल्यापासून धड झोप लागत नाहीये, आणि तिथं मला जे बोलायचं होतं ते अर्ध्यातच राहिलं, म्हणून आज बसून सगळं लिहितोय.

ठरलं असं, की चर्चच्या कंपाउंडमध्ये जी चार कुत्री राहतात ती पोत्यात घालून हिप्परग्याच्या पलीकडं सोडून यायची. पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) जवळ आलाय, रंगकाम झालंय, पायरीवर कुत्री झोपतात ते बरं दिसत नाही, आणि लहान पोरं घाबरतात. मी हात वर केला आणि म्हणालो, साहेब, यांना बाहेर काढायच्या आधी एकदा शास्त्रात काय आहे ते बघूया. त्यावर एक पंच म्हणाले, "तुमचं तारण गाढवीनं केलं असेल, आमचं प्रभू येशूनं केलंय." सगळे हसले. मी खाली बसलो. राग नाही आला, खरंच नाही, कारण माझी गोष्ट तिथं सगळ्यांना अर्धीमुर्धीच माहिती आहे. पण त्या वाक्याला उत्तर द्यायला पाहिजे होतं आणि मला ते जमलं नाही.

मंडळीचं नाव मी लिहिणार नाही. कुणाला नावं ठेवायला बसलेलो नाही, आणि हे आमच्याच मंडळीत घडतं असंही नाही. म्हणून हे पत्र सोलापुरातल्या सगळ्याच मंडळ्यांना.

आता गाढवीची गोष्ट. २०१८ चा मे महिना. तेव्हा मी रोज प्यायचो, रोज म्हणजे रोज, रविवारसुद्धा सोडायचो नाही. बायको मुलीला घेऊन बार्शीला भावाकडं निघून गेली होती आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला होटगी रोडनं रिकामा टेम्पो घेऊन येत होतो. रात्री गाढवं रस्त्यात येऊन उभी राहतात हे आपल्याकडं सगळ्या ड्रायव्हर लोकांना पक्कं माहिती असतं, मला पण होतं. डाव्या अंगाला धाडकन आवाज झाला, स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं, आरशात बघितलं तर नुसता अंधार. मी थांबलो नाही. घरी आलो, उरलेली संपवली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला टेम्पो घेऊन त्याच रस्त्यानं गेलो. ती तिथंच होती, रस्त्याच्या कडेला बाभळीखाली, उजवा मागचा पाय अर्धवट उचललेला, मांडीवर वीतभर फाटलेलं. गाढव दुखलं म्हणून ओरडत नाही हो. एका जागेवर उभं राहतं, मान खाली घालून, कुणाची वाट बघत असल्यासारखं. मी बघितलं आणि गिअर टाकला. परत येताना पण बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पण बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो का थांबवला हे मला आजपण सांगता येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. ऊन असं होतं की हँडब्रेकला हात लावला तर चटका बसत होता.

जवळ गेलो तर वास. जखमेत अळ्या पडल्या होत्या, माशांचा थवा उठायचा आणि परत बसायचा. तिनं मान नाही वळवली, फक्त एक कान माझ्याकडं फिरवला. माझ्याकडं पाण्याची बाटली होती, ती ब्लेडनं आडवी कापली आणि तिच्या तोंडापुढं धरली. गाढव पाणी कसं पितं बघितलंय का तुम्ही? कुत्र्यासारखं जीभ आपटून नाही, ओठ पाण्याला टेकवून ओढून घेतं, आवाज न करता, आणि घशातून एकेक घोट वर जाताना बाहेरून दिसतो. सगळं प्यायली आणि रिकाम्या बाटलीला ओठ लावून तशीच उभी राहिली. मग समोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथल्या चाचांनी काही न विचारता आख्खी बादली दिली. मे महिन्यात सोलापुरात बादली देणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, बाया रात्री दोनला उठून घागरी भरायच्या. त्या चाचांचा रोजा होता. स्वतः घोटभर पाणी न पिता त्यांनी गाढवीला बादली दिली.

त्या दिवशी टेम्पोत बसून रडलो. लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवला. त्यात मारणारे लुटारू वेगळे, बघून पलीकडनं निघून जाणारा याजक वेगळा आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, वेगळा, आणि थांबून मदत करणारा शोमरोनी वेगळा. माझ्या हिशोबात पहिले तिघंही मीच निघालो. शोमरोन्याची तेवढी जागा रिकामी होती. आणि साहेब, त्या दाखल्यातली एक गोष्ट मी आजवर कुठल्याच प्रवचनात ऐकली नाही. त्या अर्धमेल्या माणसाला उतारशाळेपर्यंत वाहून कुणी नेलं? शोमरोन्याच्या जनावरानं. लूकनं १०व्या अध्यायात नीट लिहून ठेवलंय, स्वतःच्या जनावरावर बसवून नेलं म्हणून. त्या जनावराची पाठ नसती तर त्या माणसाचं काय झालं असतं?

संध्याकाळी जनावरांच्या दवाखान्यातनं डॉक्टर आले, मोटारसायकलवर. मला वाटलं इंजेक्शन देतील आणि जातील. त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि मोठा चिमटा काढला. अळ्या पृष्ठभागावर थोड्या दिसतात, खरं घर आत असतं, श्वास घ्यायला त्या वर येतात तेव्हा पकडायच्या. टर्पेंटाइनचा बोळा आत ठेवला, मग त्या बाहेर यायला लागल्या, डॉक्टर एकेक काढून बाजूच्या डब्यात टाकत होते. मी मोजायला लागलो तर म्हणाले, मोजू नका, काढत राहा. मग लाल औषधाच्या पाण्यानं धुतलं, नेगासंट पावडर भरली, वर पट्टी. म्हणाले रोज सकाळी ड्रेसिंग करायचं, माशा उठायच्या आत, म्हणजे सहाच्या आधी. मी म्हणालो करतो. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हात थरथरत असेल तर चिमटा आत घालू नका, नुसतं धुवा."

ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. बायकोनं सांगून झालं होतं, आईनं मरताना शपथ घातली होती, पाळकसाहेबांनी तीनदा घरी येऊन प्रार्थना केली होती, कशानं काही झालं नाही. पण रात्री घेतली की सकाळी हात थरथरायचा, आणि थरथरत्या हातानं चिमटा मांसाला लागला की ती लाथ मारायची नाही, नुसतं अंग आकसून घ्यायची आणि कान मागं पाडायची. मला ते बघवेना. मग एक रात्र घेतली नाही. मग दुसरी. (ज्यांना सोडायची आहे त्यांना एक सांगतो, एकदम तोडू नका, अंगावर येतं, फिट येऊ शकते, मी सिव्हिलला जाऊन डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेतल्या होत्या.) ड्रेसिंग एकतीस दिवस चाललं. बत्तिसाव्या दिवशी जखमेवर कोवळी गुलाबी कातडी धरली आणि माझा हात स्थिर होता.

त्याच दिवसांत एका रात्री वडिलांचं जुनं बायबल काढलं. लहानपणी बाईंनी बलामाच्या गाढवीचं चित्र दाखवलं होतं तेवढं डोक्यात होतं, म्हणून गणना २२ उघडलं. तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, पण मला आज परत वाचू द्या. बलाम गाढवीवर बसून चाललाय. वाटेत परमेश्वराचा दूत उपसलेली तलवार घेऊन उभा आहे. बलाम मोठा द्रष्टा, राजे त्याला पैसे देऊन बोलावतात, पण त्याला दूत दिसत नाही. गाढवीला दिसतो. ती शेतात वळते, बलाम मारतो. ती भिंतीला घासते, त्याचा पाय चेंगरतो, परत मारतो. तिसऱ्यांदा वाटच नाही म्हणून ती खाली बसते, तो काठीनं मारतो. मग परमेश्वर तिचं तोंड उघडतो आणि ती विचारते, मी तुझं असं काय केलं म्हणून तीनदा मारलंस? मी तीन दिवस तिच्यासमोरून टेम्पो नेला होता. रात्री दोन वाजता एकटा बसून हे वाचताना काय होत असेल माणसाचं.

पण माझं मन बदललं ते त्याच्या पुढच्या ओळीनं, ३३व्या. दूत बलामाला सांगतो की ही वळली नसती तर मी तुला मारून टाकलं असतं आणि हिला जिवंत ठेवलं असतं. म्हणजे देवाच्या हिशोबात त्या वाटेवर निर्दोष ती होती. आणि जिला तो मारत होता तिनंच त्याला तीनदा वाचवलं होतं. बलाम तिथं म्हणतो, मी पाप केलं. ते शब्द मी बायबलवर डोकं ठेवून मोठ्यानं म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो. माझ्यासाठी पश्चात्ताप म्हणजे ती रात्र.

गाढवीचा मालक पाचव्या दिवशी आला होता. बांधकामावर वाळू-विटा वाहणारा माणूस, जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात तिला घेतली होती. म्हणाला, आता ही कामाची नाही, ठेवायची तर ठेवा. मी म्हणालो, भाऊ, माझ्याच टेम्पोनं लागलंय. तो बराच वेळ गप्प बसला. मग किंमत सांगितली, मी तीन हप्त्यांत दिली. प्रत्येक हप्त्याला आला की आधी तिच्याकडं जायचा, पाय उचलून खूर बघायचा, मानेवर हात फिरवायचा, आणि मग पैसे घ्यायचा. त्याला कुणी निर्दयी म्हणू नका. चार गाढवांवर सहा माणसांचं पोट होतं त्याचं. जकातदार जक्कय प्रभूला म्हणाला होता की कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, मी तर एकपटच दिलं.

शेजारच्या पद्मशाली आजी तिला बंगारू म्हणायला लागल्या, तेलुगूत बंगारू म्हणजे सोनं, तेच नाव पडलं. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत ती राहायची, आजी कोथिंबिरीच्या काड्या आणि शिळी भाकरी ठेवायच्या. सहा महिन्यांनी बायको मुलीला घेऊन परत आली. ती माझ्यासाठी परत आली असं मी म्हणत नाही, तिला मुलीची शाळा बघायची होती. पण पहिल्या सकाळी तिनं मला साडेपाचला बादली घेऊन जाताना बघितलं आणि काही न बोलता मागनं आली. मला तेवढं पुष्कळ होतं.

आता पंचांच्या वाक्याचं उत्तर.

तारण कृपेनंच होतं. इफिसकरांस पत्र २:८, मला पाठ आहे. गाढवीची सेवा करून मी स्वर्गाचं तिकीट काढलं असं मी कधी म्हणालो नाही आणि म्हणणार नाही. मी म्हणतो ते एवढंच, की ती कृपा माझ्यापर्यंत आली ती त्या जनावराच्या पाठीवर बसून आली. प्रभू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हाही ती तशीच आली होती की. मग तिला हसायचं कशाला?

दुसरं वाक्य मीटिंगमध्ये हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, जनावरांना आत्मा नसतो. मी शिकलेला नाही, आत्म्याचं मला कळत नाही. पण योनाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. निनवेच्या राजानं उपास पुकारला तेव्हा गुराढोरांनी पण खायचं-प्यायचं नाही आणि त्यांच्याही अंगावर गोणताट घालायचं असा हुकूम होता, आणि देवानं तो उपास ऐकला. आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्य काय आहे? देव योनाला विचारतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसं या शहरात आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं, मग मला कळवळा येऊ नये का? तिथं पुस्तक संपतं. देवानं शेवटचा शब्द गुराढोरांचा ठेवला.

चिमण्यांचा हिशोब बघा. मत्तयमध्ये दोन चिमण्या एका पैशाला. लूकमध्ये पाच चिमण्या दोन पैशांना. मी रोज गठ्ठ्यांचे भाव करणारा माणूस, मला हे लगेच दिसलं. दोन पैशांना चार व्हायला पाहिजेत, पाचवी वरकड आहे, जास्त घेतल्यावर दुकानदार फुकट टाकतो तशी. तिला किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो, त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. त्या पाचव्या चिमणीवर माझा फार जीव आहे. पिऊन पडलेला मी पण तसलाच, कुणाच्या हिशोबात नसलेला.

विसावा कुणासाठी आहे ते निर्गम २३:१२ मध्ये लिहिलंय, तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा म्हणून. त्याच अध्यायात त्याच्या आधी लिहिलंय की तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर सोडून जाऊ नको, मदत कर. दुष्मनाचं गाढव! अनुवाद २५:४ म्हणतं, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. आता इथं पाळकसाहेब म्हणतील, प्रेषित पौलानं करिंथकरांस पत्रात विचारलंय, देवाला बैलांची काळजी आहे काय? वाचलंय मी साहेब. पौलानं तो नियम बैलावरनं पुढं सेवकांपर्यंत वाढवला, राबणाऱ्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे म्हणून. बैलाला परत मुसकं बांधा असं त्यानं कुठं सांगितलंय? आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाच्या बैलगाड्या आपल्या डोळ्यांसमोरून जातात, चढावर बैल डांबरावर गुडघ्यावर येतात, तोंडाला फेस. गाडीवानाचा दोष कमीच, तो पण उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, ओझ्याखाली वाकलेला असतो. पण आपण रविवारच्या प्रार्थनेत त्या बैलाचा आणि त्या ऊसतोड्याचा एकदा तरी उल्लेख करतो का? रोमकरांस ८ मध्ये सगळी सृष्टी कण्हतेय असं लिहिलंय, ते कण्हणं ऐकायला आपल्याला कुठं लांब जावं लागत नाही.

आणि प्रभूच्या दाखल्यातला भिकारी लाजर. श्रीमंताच्या दारात पडलेला, अंगभर फोड. आत मेजवानी चाललीय. त्याच्याजवळ कोण आलं? कुत्री येऊन फोड चाटत होती. कुणी म्हणेल, ती त्याची दैना दाखवायला आहेत. असतील. पण एवढ्या दाखल्यात त्याला स्पर्श करणारं दुसरं कुणीच नाही, मेल्यावर देवदूत आले तेवढेच. आपल्या फाटकात कुत्री झोपतात म्हणून फाटक वाईट दिसतं, असं मला तरी हा दाखला वाचल्यावर म्हणवत नाही.

हे सगळं मराठी माणसाला नवीन आहे का? काशीची गंगेची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी ती वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. मग चर्चमध्ये सांगायला लाजायचं कशाला? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला पण तुकोबांचा हात सोडला नाही. आणि आपल्याच धर्मातलं उदाहरण पाहिजे असेल तर आर्थर ब्रूम नावाचे पाळक होते लंडनला, त्यांनी १८२४ साली जनावरांचा छळ थांबवायला जगातली तसली पहिली मोठी संस्था उभी केली, गुलामगिरीविरुद्ध लढलेले विल्बरफोर्स त्यात सोबत होते. त्यासाठी ब्रूमसाहेबांनी मंडळीचं काम सोडलं, आणि संस्थेचं कर्ज फिटेना म्हणून स्वतः तुरुंगात गेले. मुंबईत तसली संस्था १८७४ साली निघाली. ही आपलीच परंपरा आहे, आपण ती विसरलो.

कुत्र्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्या बहिणीच्या मुलाला मागं चावलं होतं तिच्या जागी मी असतो तर मी पण ओरडलो असतो. चावलं तर लगेच नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं, सगळे डोस पूर्ण करायचे, रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, यात हयगय नको. पण पोत्यात घालून लांब सोडल्यानं भीती जात नाही. भटक्या कुत्र्यांच्या २०२३ च्या सरकारी नियमात स्पष्ट आहे, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथनं उचललं तिथंच सोडायचं. याचं कारण साधं आहे, जागा रिकामी झाली की दुसरी कुत्री येतात, लस न घेतलेली, ओळख नसलेली, आणि तीच जास्त भुंकतात-चावतात. आपली चार तर शांत आहेत. त्यातल्या तांबड्या कुत्रीला वॉचमनकाका भाकरी देतात, ती रविवारी बाजाची पेटी वाजायला लागली की उठून दाराच्या बाहेर येऊन बसते, आत कधी येत नाही. मदत मागायला आलेल्या परक्या सुरफुनीकी बाईला प्रभू म्हणाला होता की मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणं बरं नाही, तेव्हा ती म्हणाली, मेजाखालची कुत्रीपण मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात. प्रभूनं तिचं ऐकलं. आपल्या प्रीतिभोजनाचा किती भात वाया जातो ते मी डबे उचलणारा माणूस आहे, मला माहितीय.

म्हणून विनंती. पहिली, प्रत्येक चर्चच्या फाटकाबाहेर पाण्याचा एक हौद ठेवा. मार्च संपत नाही तोवर आपल्याकडं पारा चाळीसला टेकतो, मे महिन्यात त्याच्यावर जातो. हौद सिमेंटचा, बसका, म्हणजे कुत्र्याला पण तोंड घालता येईल आणि गाढवाला, गाईला पण. दर तिसऱ्या दिवशी रिकामा करून घासायचा, नाहीतर डासाच्या अळ्या होतात. पाणी कमी आहे ते मलाही माहिती आहे. चर्च धुताना जे पाणी पायऱ्यांवरून वाहून जातं तेवढ्यात भागेल. आपल्या गावात सिद्धरामेश्वरांनी आठशे-नऊशे वर्षांपूर्वी तलाव खोदला असं सांगतात, अजून गावाच्या मध्ये पाणी आहे. आपण एक हौद तरी भरू.

दुसरी, येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी प्रवचन गाढवावर करा. दरवर्षी आपण झावळ्या हलवतो, होसान्ना म्हणतो आणि ज्याच्या पाठीवर प्रभू बसला त्याच्याबद्दल एक वाक्य येतं, नम्रतेचं प्रतीक म्हणून. ते प्रतीक नव्हतं हो, ते जित्तं शिंगरू होतं, त्याच्यावर आधी कुणी बसलेलं नव्हतं, आणि गर्दी ओरडत होती. मत्तय सांगतो की प्रभूनं नुसतं शिंगरू मागवलं नाही, गाढवी आणि तिच्याजवळचं शिंगरू दोन्ही आणायला सांगितली. आईपासून तोडलं नाही त्याला. आणि मार्कमध्ये निरोप आहे, प्रभूला याची गरज आहे, तो ते लगेच परत पाठवील. दुसऱ्याचं जनावर उसनं घेतलं आणि परत करायचं आधी सांगितलं. ज्याला पुढं वधस्तंभावर जायचं होतं त्याच्या लक्षात हे होतं. मी हे वाचून टेम्पो बाजूला घेऊन बसलो होतो कितीतरी वेळ.

तिसरी, जखमी जनावर दिसलं तर पुढं निघून जाऊ नका. काही करता आलं नाही तर निदान पाणी ठेवा आणि १९६२ ला फोन लावा, पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे तो. आमच्या तरुण संघातली तिघं पोरं आता ड्रेसिंग शिकलीत, बोलावलं तर येतात. त्यातला एक माझ्यासारखाच रात्री उशिरा घरी जाणारा होता.

बंगारू मागच्या पावसाळ्यात गेली. म्हातारी झाली होती, लंगडायची, पण शेवटपर्यंत खाल्लं तिनं. सकाळी बादली घेऊन गेलो तर भिंतीला टेकून पडली होती, एक कान वर होता. तिच्या पाठीवर काळ्या केसांची आडवी-उभी रेघ होती, बऱ्याच गाढवांना असते, प्रभूला वाहून नेलं म्हणून त्यांना क्रूसाची खूण मिळाली असं जुने लोक म्हणतात. खरंखोटं मला माहिती नाही, मी त्या रेघेवर हात ठेवून प्रभूची प्रार्थना म्हटली आणि आजी तेलुगूत काहीतरी म्हणत बाजूला उभ्या होत्या.

हौद मी देतो. एक तयार आहे, आमच्या मंडळीसाठी, शनिवारी संध्याकाळी टेम्पोत टाकून फाटकाशी आणून ठेवीन. दुसऱ्या मंडळ्यांनी सांगितलं तर वाहतूक फुकट. चारही कुत्र्यांच्या नसबंदीचा आणि लसीचा खर्च आम्ही सहा जण मिळून करतोय, पैसे जमलेत, दवाखान्यात विचारून ठेवलंय. पुढची मीटिंग झावळ्यांच्या रविवारी भक्तीनंतर आहे असं कळलं, मी येणार आहे, आणि यावेळी खाली बसणार नाही. तोपर्यंत तांबडीला आणि बाकीच्या तिघांना आहेत तिथंच राहू द्या, पोती आणू नका, हात जोडून विनंती.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीतला एक टेम्पोवाला
सोलापूर